बोट ठेवून

तिसरीच्या मुलांनी धडा असा घडाघडा वाचला, की तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी कौतुकानं मान डोलावली. महिनाभर बाईंनी हाच एक धडा वर्गाकडून घोकून घेतला होता. पट आधीच घसरला होता. शेरा वाईट आला, तर उरलेली मुलंही इंग्रजी शाळेत जातील, ही धास्ती होती.

मग मंगली उभी राहिली. वीटभट्टीवरची, परवाच शाळेत आलेली. तिला धडा पाठ नव्हता. अक्षराअक्षरावर बोट ठेवत ती वाचू लागली, "को... ल्ह्या... नं... वि... हि... रीत..."

मुलं खिदळली.

"बस खाली," साहेब म्हणाले. "बाई, ही भट्टीवरची पोरं आली की निकालाची वाट लागते. हिच्यापुढे 'अप्रगत' लिहितो."

मंगली बसली, तरी तिचं बोट ओळीवरच होतं. शेजारी ऋग्वेद बसला होता. सगळ्यांत जोरात त्यानंच वाचलं होतं, आणि त्याच्या पुस्तकात भलतंच पान उघडं होतं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा, साहेब," बाई म्हणाल्या. "आधी बाकीच्यांना पुढचं पान वाचायला सांगा."