स्वयंपाकघरातला उजेड

घर विकून वर्ष झाल्यावर ती नव्या मालकिणीला भेटायचं निमित्त काढून जुन्या घरी गेली. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. ओट्यासमोरच्या भिंतीत मोठी खिडकी होती, सगळी खोली उजळून निघाली होती. याच खिडकीसाठी तिने तीस वर्षं नवऱ्याची मनधरणी केली होती. "भिंत कच्ची आहे. हात लावला तर घर अंगावर येईल," एवढंच तो म्हणायचा. आणि ही कालची पोरगी इथे उन्हात उभी राहून आरामात भाजी चिरत होती.

"भिंत फोडताना भीती नाही वाटली?" तिने विचारलं.

"भिंत कुठे फोडली, काकू? नुसत्या विटा काढल्या. खिडकी आधीपासूनच होती. मागच्या गल्लीतले घड्याळवाले सांगत होते, तुमच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात काकांनी स्वतःच्या हातांनी बुजवली म्हणे."

ती खिडकीपाशी गेली. समोरच्या माडीवर घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून काम करत बसले होते. केस पार पांढरे झाले होते, तरी माणूस देखणा होता.