शालूचे काठ

कारखान्याच्या दारात बटणं, चेन आणि जरीच्या ढिगात मला ओळखीचे काठ दिसले. इथल्या हौदात सूत-पॉलिस्टर मिसळीचं जुनं कापड विरघळवून नवा धागा काढतात. जरीचे काठ, बटणं आधीच कापून टाकतात.

आम्ही नणंद-भावजया बोहारणी. धड कपडे बाजारात विकतो, चिंध्या इथे देतो. एका आईने गेलेल्या लेकीचा नकली रेशमाचा शालू मला दिला होता. बदल्यात वाटीही घेतली नाही. “कुणा नवरीला नेसवा,” एवढंच म्हणाली. मी शब्द दिला आणि शालू नणंदेकडे जपायला ठेवला.

“जमने, शालू चिंध्यांत घातलास?”

“वजनाला भरला, वहिनी. नवा धागा झाला की नेसेलच कुणीतरी. त्या आईला हे काठ दाखव. सांग, नवरीने नेसून नेसून फाडला.” हसत तिने काठ माझ्या हातात कोंबले.

बाजाराची गाठोडी अजून खालीच होती. ती एकटीला डोक्यावर घेता येत नाहीत; आजवर आम्ही एकमेकींना उचलू लागायचो.

“चल, हात लाव,” ती म्हणाली.

मी वॉचमनला हाक मारली. “दादा, माझं गाठोडं जरा उचलू लागा.”