नीरजचं कुलूप

धाकट्या भावाचं, नीरजचं, दिवसकार्य आटोपलं, तशी इंद्रलोक सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये रसिकाने त्याचा कॉम्प्युटर उघडला. वेगळ्या जातीच्या चिपवर चालेल अशी एक छोटी लिनक्स प्रणाली त्याने आत उभारत आणली होती. तेवढं तरी तिला पुरं करायचं होतं.

पण तिच्यातल्या प्रोग्रॅमची नोंद ठेवणारा, एका वेळी एकालाच हात लावू देणारा पॅकेजचा डेटाबेस उघडेना. ‘दुसरं कुणीतरी काम करतंय, थांबा,’ एवढंच उत्तर येई.

आत कुठलंच काम चालू नव्हतं. मधेच बंद पडलेल्या कामाचं कुलूप मागे राहतं, हे तिला ठाऊक होतं. तिने ती कुलपाची फाइल, लॉक फाइल, उडवली. ती परत आली. पुन्हा उडवली, पुन्हा आली.

त्यानंतर मात्र आली नाही. डेटाबेस निमूट उघडला.

आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. रसिकाच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे, मग दाराकडे बघत राहिली.

“नीरज उठून का गेला गं? काही बोललीस त्याला?”