बांधाकडची अकरा फुलं

आफशीनचं फूल मातीत पडलं होतं. देठाला लाल दोरा मात्र तसाच होता.

तिनं फूल उचललं. सोमवारी ते पांढरं होतं, मंगळवारी गुलाबी झालं होतं, आणि आज शनिवारी विडीसारखं गुंडाळून जांभळट पडलं होतं. तिनं ते पुन्हा देठावर ठेवून पाहिलं. हात काढला की ते खाली येई.

“ताई, मन्हं फूल पडी गयं,” ती म्हणाली. रडली नाही. ताई काहीतरी करतील याची तिला खात्री होती.

अंगणवाडीच्या ताई शहाबानोनं पुढच्या झाडाकडे पाहिलं. निळा दोरा होता, फूल नव्हतं. त्याच्या पुढे हिरवा दोरा, तिथंही नव्हतं. अंगणवाडीतली अकरा मुलं, अकरा दोरे. दहा फुलं मातीत.

अंगणवाडीच्या मागच्या बांधाला लागूनच ईश्वर आप्पांची कपाशी होती. हा आठवडा फुलांचा. जास्वंदीच्या पाकळ्या मोजून झाल्या होत्या, झेंडू पाण्यात चुरून कागद रंगवून झाले होते. मुलांनी एखादं फूल झाडावरच रोज पाहावं, असं शहाबानोच्या मनात आलं आणि ती आप्पांना विचारायला गेली. आप्पांनी बांधालगतची झाडं दाखवली. मग म्हणाले, “एक फूल म्हंजे एक बोंड शे, ताई. एक बी तुटनं, तं मन्हा वावरमा पोरे नको.”

हे तिनं मुलांना इतक्यांदा बजावलं होतं की कपाशीजवळ आली की ती आपोआप हात पाठीमागे बांधत.

शहाबानो नंदुरबारच्या मिरची बाजारामागच्या गल्लीत वाढलेली. लग्न होऊन ब्राह्मणपुरीत येईपर्यंत तिनं कपाशी पाहिली होती ती एसटीच्या खिडकीतून. आता तिला एकच सुचलं. ज्याचं फूल त्याला ओळखता यावं म्हणून देठांना दोरे बांधताना गाठी आपण मारल्या होत्या. त्या आवळल्या असणार.

आता आप्पा वावरात येऊ देणार नाहीत, हे मुलांनाही कळलं होतं. परवेजनं पायानं माती ओढून आपलं फूल झाकून टाकलं. साडेतीन वर्षांच्या उदेसिंगनं आपलं खिशात घातलं आणि खिशावर हात ठेवून उभा राहिला. त्याचे आईबाप धडगावकडून येऊन याच वावरात कामाला होते.

तेवढ्यात बांधावर आप्पांची मोटारसायकल थांबली.

मुलांना आत घेऊन जाता आलं असतं. एवढ्या कपाशीत अकरा झाडं कोण बघतं? शहाबानो मात्र सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“आप्पा, फुलं पडली. मुलांनी हात नाही लावला. गाठी मी मारल्या होत्या.”

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग मुलांकडे. सगळ्यांचे हात पाठीमागे गेले होते. आफशीन पुढे आली.

“आप्पा, मी तोडं नही. ते सोताच पडनं.”

“देखाड.”

तिनं मूठ उघडली. आप्पांनी फूल घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि तिच्या हातात परत ठेवलं. मग गुडघ्यावर हात टेकून ते लाल दोऱ्याच्या झाडापाशी हळूहळू उकिडवे बसले.

“इकडे ये.”

देठाच्या टोकाला हिरवी झालर होती. मुलांना ती पानंच वाटली होती. आप्पांनी दोन बोटांनी ती अलगद बाजूला केली. आत लहान बोराएवढं काहीतरी होतं, हिरवंगार, चकचकीत.

“हाई बोंड. फूल पडस, मंगच हाई मोठं व्हस. कोनी तोडं नही ते.”

आफशीननं त्याला एक बोट लावलं. “याना पोटमा काय शे?”

“कापूस.”

“आते?”

“आते नही. दिवाळीले.”

पाठीमागचे हात एकदम सुटले. परवेज पळत जाऊन आपल्या निळ्या दोऱ्याखाली बसला आणि तिथूनच आप्पांना हाका मारू लागला. आप्पा खरं तर विहिरीवरची मोटार चालू करायला आले होते. ते उठले आणि निळ्या दोऱ्यापाशी बसले, मग पिवळ्यापाशी, मग जांभळ्यापाशी. प्रत्येकाला आपली झालर आप्पांनीच उघडून दाखवायला हवी होती. शहाबानो शेवटच्या मुलामागून वाकून बघत होती. तिनंही बोंड एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

आता रडू आलं ते तबस्सुमला. तिचं फूल अजून झाडावरच होतं.

“उद्या पडी,” आप्पा म्हणाले.

“उद्या रईवार शे,” तबस्सुम हुंदका देत म्हणाली.

आप्पांनी जरा विचार केला. मग त्या फुलाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटले.

“सांगं मी त्याले. सोमवारलगून थांबी ते.”

तबस्सुमनं डोळे पुसले. उदेसिंगनं खिशातलं चुरगळलेलं फूल काढून आप्पांपुढे धरलं आणि आपल्या पावरी बोलीत काही विचारलं. शब्द आप्पांना कळले नाहीत. त्यांनी त्याची मूठ मिटली आणि ती त्याच्याच छातीकडे ढकलली. मग मात्र मातीतली सगळी फुलं मुलांनी उचलली. परवेजनं आपलं उकरून काढलं.

खिचडीची वेळ झाली होती. रांग अंगणवाडीकडे निघाली. कुणाच्या कानावर फूल होतं, कुणाच्या मुठीत. दारात डोकी मोजता मोजता शहाबानोनं मागं वळून पाहिलं.

आप्पा विहिरीकडे चालले होते. दरवर्षीसारखाच सऱ्यांमध्ये गळलेल्या फुलांचा सडा होता. आप्पा मध्येच थांबत, खाली बघत, आणि मोकळी माती दिसेल तिथंच पाय टाकत होते.