अकरा जणांत मिळून एक

"ही कॅप्सूल जठरात वीस मिनिटांत विरघळते," सौमित्र म्हणाला, "आणि तिथेच कामाला लागते."

समोर बसलेल्या अकरा जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तिथेच म्हणजे कुठे?" यमुनाबाईंनी विचारलं.

"जठरात."

"ते काढलंय."

सौमित्रला कंपनीने फक्त 'नारायण पेठेत पोटाच्या रुग्णांचं मंडळ आहे' एवढंच सांगितलं होतं. महिन्याचा शेवटचा शनिवार होता. वीस बाटल्यांची ऑर्डर आणली नाहीस तर सोमवारपासून येऊ नकोस, हेही सांगितलं होतं. घरी, वारज्यात, सात महिन्यांची मुलगी होती.

"कोणाकोणाचं काढलंय?" त्याने जपून विचारलं.

यमुनाबाईंनी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं होतं. "सात जणांचं पूर्ण. चौघांचं पाव-पाव शिल्लक आहे. म्हणजे अकरा जणांत मिळून एक. तुमची कॅप्सूल पत्ता विचारत फिरेल."

सौमित्रने माहितीपत्रकाचं पान उलटलं. "तेरा जीवनसत्त्वं, नऊ खनिजं. जठराचा कॅन्सर टाळण्यासाठी."

"टाळण्यासाठी होय," मंडळाचे चिटणीस अनिरुद्ध म्हणाले. "अहो, मग तुम्ही चार वर्षं उशिरा आलात."

"परत होऊ नये म्हणूनही घेतात, काका."

"जठराचा परत व्हायला आधी जठर आणावं लागेल. त्याची बाटली आहे का तुमच्याकडे?"

तेवढ्यात पाच वाजले. अकरा फोन एकदम वाजले आणि अकरा डबे उघडले. कोणी सांजा काढला, कोणी मऊ भात. सौमित्र बोलायचा थांबला.

"चालू द्या तुमचं," श्यामलाताई घास चावत म्हणाल्या. "आम्हाला दर दोन तासांनी थोडं थोडं खावं लागतं. अपमान करायचा असता तर तोंडावर केला असता."

"यात बी-ट्वेल्व्ह पण आहे," तो म्हणाला.

"ते आम्ही इंजेक्शनने घेतो," यमुनाबाई म्हणाल्या. परीक्षेत अडकलेल्या मुलाला सांगावं तसं त्यांनी सावकाश सांगितलं. "जठर नसलं की ते तोंडावाटे नीट शोषलं जात नाही. लोह, कॅल्शियम डॉक्टर रक्त तपासून देतात. मोजून. सगळ्यांना एकच बाटली असं नसतं ते."

सौमित्रने माहितीपत्रक मिटलं. कपाळ पुसलं.

"बाई, खरं सांगतो. आज ऑर्डर मिळाली नाही तर सोमवारपासून मला काम नाही."

"मग ते आधी सांगायचंत. बावीस नावं कशाला वाचलीत?"

सगळे हसले. सौमित्रही थोडा हसला. मग त्याने प्रशिक्षणात न शिकवलेली गोष्ट केली.

"मी माझंच सांगतो. मी स्वतः रोज दोन घेतो. सहा महिने झाले. आधी जेवलं की जळजळायचं. डॉक्टर म्हणाले, आतून तपासून घ्या. म्हटलं, कशाला? हे सुरू केलं. आता भूक अशी ताब्यात आली आहे की अर्ध्या पोळीत पोट भरतं. नऊ किलो वजन उतरलं, तेही एक दिवस व्यायाम न करता. तुमचा जिना चढताना जरा दम लागला, पण तेवढंच." त्याने आवाज खाली आणला. "शौचाला काळं होतं. पण ते लोहामुळे. मागे छापलंय तसं."

अकरा चमचे थांबले.

एवढा वेळ एकही टोमणा नाही, असं त्या हॉलमध्ये आजवर झालं नव्हतं.

समोरचा गप्प झाला की त्याला पटलेलं असतं, हे मात्र प्रशिक्षणात शिकवलं होतं. सौमित्रने ऑर्डरचं पुस्तक काढलं, पेनाचं टोपण उघडलं.

"किती लिहू?"

यमुनाबाईंनी डबा बंद केला. बोटं रुमालाला पुसली. फोन उचलून नंबर लावला.

"पूर्ण नाव काय तुमचं?"

"सौमित्र वैजनाथ देशमाने."

"वय?"

"एकोणचाळीस. पण बाई, ऑर्डर तुमच्या नावाने..."

त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. "हॅलो, मी यमुनाबाई बोलतेय. सोमवारी सकाळी दुर्बिणीच्या तपासणीला एक नाव घ्या. सौमित्र देशमाने, एकोणचाळीस. हो, उपाशी पोटी येतील. मी घेऊन येते."

"सोमवारी?" सौमित्र म्हणाला. "सोमवारी मला ऑफिसला..."

"ऑर्डर नसेल तर येऊ नका म्हणालेत ना?" अनिरुद्ध म्हणाले. "मग आम्ही देत नाही. सोमवार मोकळा झाला तुमचा."

या वेळी कोणी हसलं नाही. पेन सौमित्रच्या हातातच राहिलं. त्याने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. अकरा जणांपैकी एकानेही नजर वळवली नाही. मग त्याचा दुसरा हात आपोआप बरगड्यांखाली गेला, आणि तो खुर्चीत बसला. श्यामलाताईंनी त्याच्यासाठी ती आधीच पुढे सरकवली होती.

फोनमधला आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "बाई, तुमच्याच मंडळातले आहेत का?"

"नाहीत," यमुनाबाई म्हणाल्या. "होऊ नयेत म्हणूनच फोन केलाय."