फळीवरचा डोंगर

फळी उचलेना, तेव्हा डॉक्टरला वाटलं बिजागरी अडकली असेल. त्याने खांदा लावून पाहिला. फळी ढिम्म. मग त्याची नजर वर गेली. सकाळपासून खपून उभा केलेला प्लास्टरचा डोंगर फळीवरून सरळ शेजारच्या टेबलावर उतरला होता आणि दगडासारखा घट्ट झाला होता.

खोलीभर त्याची छोटी रेल्वे होती. भिंतीला भिंत लागून टेबलं, त्यांवर रूळ, स्टेशन, पूल, गाव. मधोमध एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी मोकळी जागा, तिथून गाड्या चालवायच्या. आत-बाहेर करायची वाट एकच, ती ही उचलायची फळी. टेबलांखालून रांगता आलं असतं, पण तिथे त्याने स्वतःच प्लायवूड ठोकून सामानाची कपाटं केली होती. वरून चढावं तर अख्खं गाव चिरडलं असतं.

"अगं ए!"

बायको ओले हात पुसत दारात आली.

"जोडावर प्लास्टिकचा कागद लावलास ना?"

"अगंबाई! तो राहिलाच की."

डॉक्टरने कपाळावर हात मारला. दोन भाग जिथे जुळतात तिथे आधी प्लास्टिकचा कागद ठेवायचा, मग वर प्लास्टर थापायचं, म्हणजे दोन्ही बाजू अलगद सुटतात. ही युक्ती त्यानेच छोट्या रेल्वेच्या शौकिनांच्या ग्रुपवर सगळ्यांना शिकवली होती. उभा जन्म लोकांच्या कवळ्या करण्यात गेलेला दातांचा डॉक्टर तो. प्लास्टरच्या बाबतीत ग्रुपमध्ये त्याचा शब्द शेवटचा. बाहेरच्या बाजूने कागद तिने लावायचा आणि आतून प्लास्टर त्याने थापायचं, इतकी साधी वाटणी होती.

"एवढंसं काम! लक्ष कुठे असतं तुझं?"

"चुकलंच माझं. करवत आणू?"

"खबरदार! डोंगराला हात लावायचा नाही."

आणि त्याचंही बरोबरच होतं म्हणा. संध्याकाळी ग्रुपमधली मंडळी पहिल्यांदाच घरी यायची होती. त्यात 'मोजपट्टी' येणार होता. हा निवृत्त ड्राफ्ट्समन दुसऱ्याच्या पुलाचा खांब सूतभर वाकडा असला तरी फोटो मोठा करून दाखवायचा. त्याने डॉक्टरचा डोंगर 'बघू तरी' म्हटलं होतं. एकदा त्या माणसाच्या तोंडून 'वा' ऐकावं, एवढीच डॉक्टरची इच्छा होती. डोंगर फळीपर्यंत पुढे आणायचा, म्हणजे बोगदा लांब होईल, ही कल्पना खरं तर बायकोची. पण ग्रुपवर ती डॉक्टरने आपली म्हणूनच सांगितली होती. नवरा-बायकोत कसलं तुझं-माझं!

"ते बघून जाऊ देत. मग कापू," तो म्हणाला.

"म्हणजे तोवर तुम्ही आतच?"

"आतच. दुसरा उपाय आहे का?"

"नाही बाई," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

दुपारचं जेवण मालगाडीने आलं. बायकोने दाराजवळच्या स्टेशनात उघड्या डब्यांत ब्रेडचे तुकडे आणि उकडलेलं अंडं ठेवलं, डॉक्टरने बटण दाबलं, गाडी पूल ओलांडून, बोगद्यातून त्याच्यापर्यंत आली. त्याला हसू आलं. मोबाइल काढून त्याने फोटो ग्रुपवर टाकला. घरात मोबाइल तेवढा एकच. तिला त्यातलं काही कळत नाही, असं त्याचं मत होतं.

पण जेवण झाल्यावर त्याला ती जागा खायला उठली. बसायला स्टूल नाही, वळावं तर कोपर गावाला लागतंय. रंगांचा वास कोंडला होता. धूळ येऊन रूळ खराब होतात म्हणून खोलीच्याच काय, घराच्या सगळ्या खिडक्या त्याने खिळे मारून बंद केल्या होत्या. छातीत धडधडायला लागलं. एका जागी असं अडकून पडणं काय असतं, हे त्याला आज पहिल्यांदाच कळत होतं.

बायको पुन्हा दारात आली. "अहो, किल्ली?"

"कसली?"

"जाळीच्या दाराची. पाहुणे आले की उघडायला नको? बेल वाजल्यावर तुमची गाडी किल्ली घेऊन येईपर्यंत त्यांना ताटकळत ठेवायचं का?"

जाळीच्या दाराला आतून कुलूप असायचं आणि किल्ली डॉक्टरच्या खिशात. बायको वेंधळी, हरवेल कुठेतरी. तिला कुठे जायचं झालं तर तो स्वतः बरोबर जायचा. बहीण आजारी होती तेव्हाही तिला घेऊन गेला आणि तासाभरात घेऊन आला. इतकी काळजी कोण घेतं हल्ली?

तो घुटमळला. पण मोजपट्टी दाराबाहेर उभा राहून घड्याळ बघतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं. त्याने किल्ली डब्यात ठेवली.

"सांभाळून हं. हरवलीस तर बघ."

"नाही हरवणार."

गाडी बोगद्यात शिरली, पलीकडून बाहेर पडली, स्टेशनात थांबली. तिने किल्ली उचलली. क्षणभर डोंगराकडे पाहिलं.

"छान झालाय हो," ती म्हणाली. "अगदी पक्का."

डॉक्टरला बरं वाटलं. बायकोने त्याच्या कामाचं कौतुक केल्याला किती दिवस झाले होते!

मग आतून कपाट उघडल्याचा, काहीतरी ओढल्याचा आवाज येत राहिला. पाहुण्यांसाठी आवराआवर चालली असणार. चला, आज तरी अंग हलवतेय! डॉक्टरने ब्रश घेतला आणि शिखरावर बर्फाचा पांढरा हात फिरवू लागला. रंगवताना धडधड जरा कमी झाली.

"अगं, पाणी आण गं थोडं!" त्याने हाक मारली. उत्तर नाही. काम सांगितलं की ऐकू येत नाही हिला.

बेल वाजली. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजली, तसा त्याचा पारा चढला. "अगं ए, दार!"

खिशातला मोबाइल वाजला. मोजपट्टी होता.

"आलात का?" डॉक्टर घाईघाईने म्हणाला. "एक मिनिट हं, ही उघडतेच आहे."

"कोण उघडतंय डॉक्टर? दाराला बाहेरून कुलूप आहे. कुठे गेलात तुम्ही दोघं?"