पेरूंची ओटी

यंदा परसातल्या एकाही पेरूला नीलानं राघूची चोच लागू दिली नव्हती. ओटीत आलेले आणि वर्षानुवर्षं ट्रंकेत पडून राहिलेले ब्लाऊजपीस फाडून तिनं पिशव्या शिवल्या आणि एकेका फळाला बांधल्या. अर्धं बेंबळी गाव येऊन बघून गेलं. मग कळंबहून थोरल्या नणंदबाई, कुमुदअक्का आल्या. हात धुवायला म्हणून परसात गेल्या त्या झाडाखालीच थांबल्या.

"नीला, हा जांभळा माझा न्हवं? आमच्या अक्षराच्या लग्नात तुझ्या ओटीत घातला होता मी. जरीकाठाचा! अन् तू पेरूला नेसवलास?"

"राघू लई झालेत, अक्का."

"म्हणून असा वाया घालवायचा व्हय? तुला शिकवलं होतं का न्हाय, आलेल्या ब्लाऊजपीसच्या कोपऱ्यात देणारीचं नाव लिहून ठेवावं? म्हणजे तिचा तिलाच परत जात न्हाय. अन् मग दुसरीच्या ओटीत घालून मोकळं व्हावं."

नीलानं जांभळ्या पिशवीची दुमड तेवढी उलटी केली. कोपऱ्यात निळ्या पेनानं, अक्कांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : 'नीलाकडून, वास्तुशांत.'

अक्कांनी ते दोनदा वाचलं. मग पदर सावरत म्हणाल्या, "राघू लईच झालेत म्हणतीस?"

"लई."

"माझ्या ट्रंकेत साठ-सत्तर पडलेत. पुढच्या खेपेला घेऊन येते. कोपरे तेवढे घरूनच कापून आणते."